गाडीतला दिवा नेमका कुणासाठी लागतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भागाचा पूर्ण मजकूर. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' आले ते काढलेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

आजचा विषय राजा-महाराजांचा नाही. तो तुमच्या स्टिअरिंगच्या मागे आहे. गाडीची चावी फिरवली की एका क्षणात दहा-पंधरा दिवे लागतात. लाल, पिवळे, हिरवे. मग इंजिन सुरू होतं आणि ते विझतात. आपण त्यांच्याकडे बघतही नाही. पण एखाद दिवशी त्यातला एक विझतच नाही, आणि मग आपण काय करतो? फोटो काढतो आणि फॅमिली ग्रुपवर टाकतो: 'हे काय आहे?' काका म्हणतात, 'काही नाही होत, चालव.' भाऊ म्हणतो, 'सर्व्हिस सेंटरला ने.' आणि कुणीतरी हात जोडलेला इमोजी टाकतं.

मला या दिव्यांचा इतिहास शोधताना मजा आली, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक दिवा कुठल्यातरी भांडणातून आलाय. कधी अपघातातून, कधी धुरातून, कधी कोर्टकचेरीतून. आणि प्रत्येक दिव्यामागे एकच प्रश्न आहे: गाडीच्या पोटात काय चाललंय हे कुणाला कळलं पाहिजे? चालवणाऱ्याला, सरकारला, कंपनीला की मिस्त्रीला?

चिखलाची फळी

'डॅशबोर्ड' या शब्दापासूनच सुरुवात करू. हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडीत गाडीवानाच्या पुढे एक उभी फळी असायची. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल, दगड अंगावर येऊ नयेत म्हणून. मोटार आली, घोडा गेला, फळी मात्र राहिली. सुरुवातीच्या मोटारींत त्या फळीवर बघण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

फोर्डची मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटींहून जास्त गाड्या बनल्या. तिच्यात पेट्रोलचा काटा नव्हता. पेट्रोल किती उरलंय बघायचं तर खाली उतरायचं, पुढची सीट उचलायची, टाकीचं झाकण काढायचं आणि आत काठी बुडवायची. आपल्या विहिरीचं पाणी मोजतात ना, तसंच. इंजिन ऑइल बघायचं तर त्याहून कठीण. गाडीच्या पोटाखाली दोन छोटे नळ होते, एक वर, एक खाली. खाली वाकून नळ उघडायचा. कोणत्या नळातून ऑइल येतंय त्यावरून पातळी समजायची.

इंजिन तापलंय का? ते तर रेडिएटरमधून वाफ यायला लागली की समजायचंच. १९१० च्या दशकात अमेरिकेत 'बॉइस मोटोमीटर' नावाची एक वस्तू आली. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला एक गोल थर्मामीटर. बोनेटच्या पार पुढच्या टोकाला, उघड्यावर. त्यातला लाल द्रव चालवणाऱ्याला सीटवरून काचेतून दिसायचा. तो वर चढला की थांबायचं. ही वस्तू इतकी लोकप्रिय झाली की लोक शोभेसाठीही लावायला लागले.

त्या काळात गाडी चालवणं आणि गाडी समजणं ही दोन वेगळी कामं नव्हतीच. 'शोफर' हा शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा मूळ अर्थ भट्टीत कोळसा टाकणारा, आग पेटती ठेवणारा. म्हणजे ड्रायव्हर हा आधी यंत्राची काळजी घेणारा माणूस होता. त्याला दिव्याची गरज नव्हती. कान, नाक आणि हात हेच त्याचे काटे होते.

काटा गेला, दिवा आला

पुढे गाड्या सामान्य माणसाच्या हातात गेल्या. डॅशबोर्डवर काटे आले: ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान, बॅटरीत वीज भरतेय की नाही. काट्याचा फायदा असा की तो गोष्ट सांगतो. घाट चढताना तापमानाचा काटा हळूहळू वर सरकताना दिसतो, आणि तुम्ही आधीच सावध होता. तोटा असा की त्याच्याकडे बघावं लागतं, आणि बघून कळावंही लागतं.

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने वेगळा रस्ता धरला. ऑइलच्या दाबाचा आणि डायनॅमोचा काटा काढून त्या जागी दिवे बसवले. सगळं ठीक तर दिवा बंद. बिघडलं तर चालू. स्वस्त, सुटसुटीत. हळूहळू बाकी कंपन्यांनीही तेच केलं. आणि ज्यांना काट्यांचं प्रेम होतं त्यांनी या दिव्यांना एक नाव ठेवलं, जे आजही इंग्रजीत चालतं: 'इडियट लाईट'. मूर्खांचा दिवा!

टोमणा झोंबणारा आहे, पण त्यात तथ्य आहे. दिवा फक्त शेवट सांगतो, आधीची गोष्ट नाही. ऑइलचा लाल दिवा घ्या. किटलीसारखं चित्र, टोकाला एक थेंब. बऱ्याच जणांना वाटतं, हा दिवा म्हणजे 'ऑइल कमी झालंय, पुढच्या आठवड्यात टाकू'. पण जुना साधा दिवा ऑइलची पातळी मोजत नाही, दाब मोजतो. इंजिनवर एक छोटा स्विच असतो. ऑइलचा दाब तयार झाला की तो स्विच उघडतो आणि दिवा विझतो. दाब अगदी तळाला गेला की स्विच परत जोडला जातो आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा आत लोखंडावर लोखंड घासायला सुरुवात होण्याची वेळ आलेली असते. म्हणून हा दिवा चालत्या गाडीत लागला तर एकच काम: सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. 'पाच किलोमीटरवर गॅरेज आहे, तिथपर्यंत नेतो' या विचारात पूर्ण इंजिन बसतं.

बॅटरीचा दिवा मला या सगळ्यात हुशार वाटतो. जुन्या पद्धतीत तो दिवा बॅटरी आणि डायनॅमो यांच्या मधोमध जोडलेला असायचा. चावी फिरवली, डायनॅमो अजून फिरत नाही, त्यामुळे बॅटरीकडून वीज दिव्यातून वाहते आणि तो पेटतो. इंजिन सुरू झालं, डायनॅमोनेही तेवढाच व्होल्टेज दिला, की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखा जोर. वीज वाहायला कारणच उरत नाही, दिवा विझतो. रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्या असल्या की दोरी हलत नाही, तसं. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर.

जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तर हा छोटा लाल दिवा फार मोठं काम करायचा. बीटलचं इंजिन हवेने थंड होणारं. इंजिन थंड ठेवणारा पंखा आणि डायनॅमो दोन्ही एकाच पट्ट्यावर चालायचे. म्हणजे लाल दिवा लागला तर फक्त 'बॅटरी चार्ज होत नाही' एवढंच नाही. पट्टा तुटला असेल तर पंखाही बंद, आणि इंजिन भाजणार. ज्याला हे माहीत होतं तो लगेच थांबायचा. ज्याला माहीत नव्हतं तो 'बॅटरीचं काय ते घरी जाऊन बघू' म्हणत पुढे जायचा. दिवा एकच, पण समजणाऱ्यासाठी वेगळा आणि न समजणाऱ्यासाठी वेगळा.

मग प्रश्न आला भाषेचा. जुन्या गाड्यांवर शब्द असायचे: ऑइल, टेंप, जेन. गाड्या देशोदेशी जायला लागल्यावर शब्द चालेनात. १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे आयएसओने, चित्रांचं एक मानक केलं, क्रमांक २५७५. किटली, बॅटरी, पाण्यात बुडालेला थर्मामीटर ही चित्रं त्या घराण्यातली. रंगही त्यात ठरले. लाल म्हणजे धोका. पिवळा म्हणजे सावध, लवकर बघा. हिरवा म्हणजे चालू आहे. निळा हेडलाईटच्या अप्परला. सिग्नलची भाषाच आहे ही. इंग्रजी न येणारा आपला टेम्पोवालाही ती वाचू शकतो, हे या मानकाचं खरं यश.

ओरडणारी गाडी

आतापर्यंतचे दिवे गाडीबद्दल बोलत होते. १९७० च्या दशकात अमेरिकेत पहिल्यांदा गाडी माणसाबद्दल बोलायला लागली: 'तू बेल्ट लावलेला नाहीस.'

१९७४ सालच्या मॉडेलपासून तिथे नियम आला. पुढच्या सीटवर बसलेल्याने बेल्ट लावला नाही तर गाडी सुरूच होणार नाही. हेतू चांगला, पण सीटखालचा सेन्सर माणूस आणि भाजीची पिशवी यात फरक करायचा नाही. शेजारच्या सीटवर वाणसामान ठेवलं, कुत्रा बसवला, की गाडी ठप्प. लोक इतके चिडले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून ती सक्ती काढून टाकली. वर असंही ठरवलं की बेल्टचा बझर चावी फिरवल्यानंतर आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ सक्तीने वाजवायचा नाही. विचार करा, एका देशाच्या संसदेत बझर किती सेकंद वाजावा यावर कायदा झाला.

आता आपल्याकडे या. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांमध्ये पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. ताशी ८० च्या वर अधूनमधून 'टुंग' आणि १२० च्या वर सतत 'टुंग टुंग'. एक्स्प्रेस वेवर गेलेल्या प्रत्येकाला तो आवाज पाठ आहे. आणि लगेच बाजारात काय आलं? बेल्टच्या खाचेत घालायची रिकामी क्लिप. बेल्ट न लावता आवाज बंद. देवाचे फोटो, कार्टूनची चित्रं असलेल्या क्लिपा ऑनलाइन मिळायला लागल्या.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. मागच्या सीटवरचे दोघेही गेले, आणि त्यांनी बेल्ट लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर मागच्या सीटच्या बेल्टचा विषय देशभर निघाला. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना या आवाज बंद करणाऱ्या क्लिपा काढून टाकायला लावल्या.

अमेरिकेत १९७४ ला कायद्याने बझर गप्प केला, आपण क्लिप घालून. आवाज नकोसा वाटतो हे मला समजतं. पण त्या आवाजाच्या मागे जे आहे ते बंद होत नाही. एअरबॅग सुद्धा बेल्ट लावलेल्या माणसाला धरून बनवलेली असते.

इंजिनचं चित्र आणि लॉस एंजेलिसचा धूर

आता सगळ्यात बदनाम दिवा. पिवळ्या रंगाचं इंजिनचं चित्र, काहींना ते पाणबुडी वाटतं. 'चेक इंजिन'. हा दिवा मुळात तुमच्या इंजिनाच्या काळजीपोटी आलेला नाही. तो आला हवेच्या काळजीपोटी.

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू आहे. लॉस एंजेलिस शहरावर अचानक दाट, झोंबणारा धूर उतरला. डोळ्यांतून पाणी, घसा खवखवतोय. काही लोकांना वाटलं जपानने विषारी वायू सोडला. मग संशय एका कृत्रिम रबराच्या रसायनाच्या कारखान्यावर गेला. तो बंद करून पाहिला तरी धूर येतच राहिला. खरा गुन्हेगार सापडायला काही वर्षं लागली. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत आरी हागेन-स्मिट नावाचे डच शास्त्रज्ञ होते. ते अननसाला चव कशामुळे येते यावर काम करत होते. चवीवरून ते हवेकडे वळले आणि १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि तेल कारखान्यांच्या धुरातले घटक आणि ऊन एकत्र आले की हा झोंबणारा धूर तयार होतो. मोटार कंपन्यांना हे पटायला वेळ लागला. पुढे कॅलिफोर्नियाचं हवा संसाधन मंडळ स्थापन झालं तेव्हा हेच हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

१९७० मध्ये अमेरिकेत कडक हवा कायदा आला. १९७५ च्या मॉडेलपासून गाड्यांच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसायला लागला, म्हणजे विषारी वायू कमी करणारी एक जाळी. पण ती जाळी नीट चालायची तर इंजिनात पेट्रोल आणि हवा अगदी मोजून मिसळावी लागते. म्हणून गाडीत कॉम्प्युटर आला. जनरल मोटर्सने १९८१ मध्ये आपल्या गाड्यांत असा कॉम्प्युटर आणि त्याच्यासोबत 'चेक इंजिन' असा दिवा दिला. गंमत म्हणजे बिघाड शोधायला महागडं यंत्र लागायचंच असं नाही. डॅशबोर्डखालच्या जोडणीत कागदाची साधी पिन घालून दोन टोकं जोडली की तोच दिवा उघडझाप करून कोड सांगायचा. एकदा लुकलुक, थांबा, दोनदा लुकलुक: कोड बारा. तारेतला मोर्स कोडच.

पुढे कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून अशी स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा सक्तीची केली. प्रत्येक कंपनीचा प्लग वेगळा, कोड वेगळे, म्हणून मग दुसरी पिढी आली: ओबीडी-टू. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांत एकसारखा सोळा पिनांचा प्लग, एकसारखे कोड. युरोपने पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून हे आणलं. भारतात भारत स्टेज चारच्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. म्हणजे तुमच्या घरची गाडी त्यानंतरची असेल, तर स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ तो प्लग आहे. उद्या हात घालून बघा. बीएस-सिक्स आल्यापासून बाईकमध्येही ही यंत्रणा आलीय.

म्हणून चेक इंजिन पिवळा असतो. तो सांगतो की धूर प्रमाणाबाहेर जाण्याची शक्यता आहे, लवकर तपासा. गाडी चालतेय, ओढतेय, आवाज नाही, तरी तो लागू शकतो. घाबरून रस्त्यात थांबायची गरज नसते. पण तोच दिवा *लुकलुकायला* लागला तर गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा याचा अर्थ असतो की एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाहीये. ते न जळलेलं पेट्रोल तसंच कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथे पेटतं, आणि जाळी वितळू शकते. लुकलुकणारा दिवा दिसला की पाय हलका करा, वेग कमी करा आणि जमेल तितक्या लवकर थांबा. नुसता प्लग किंवा कॉइल बदलून भागणारं काम कन्व्हर्टर बदलण्यापर्यंत जातं, आणि तो खर्च कितीतरी पटींनी मोठा असतो.

टायरच्या हवेचा दिवाही असाच एका संकटातून आला. कंसात उद्गारचिन्ह, घोड्याच्या नालासारखं दिसणारं. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीचे लाखो टायर परत मागवले गेले. हे टायर चालत्या गाडीत फाटत होते, मुख्यतः फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवर, आणि त्या अपघातांत अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी कायदा झाला आणि काही वर्षांत तिथल्या सगळ्या नव्या गाड्यांत हवेचा इशारा सक्तीचा झाला. उन्हाळ्यात दुपारी समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने जाणाऱ्यांनी हा दिवा मनावर घ्यावा. हवा कमी असली की टायरची भिंत जास्त वाकते, जास्त तापते, आणि तापलेलं रबर दगा देतं. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, पंक्चरवाल्याला विचारायची गरज नाही.

पान्याचं चित्र

आता शेवटचा प्रकार. पान्याचं चित्र, किंवा 'सर्व्हिस'. यात बिघाड काहीच नसतो, फक्त आठवण असते. जुन्या काळी ही आठवण म्हणजे बोनेटखाली किंवा काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेला कागद: पुढचं ऑइल अमुक किलोमीटरला. १९८० च्या दशकात बीएमडब्ल्यूने डॅशबोर्डवर हिरव्या दिव्यांची एक रांग दिली. गाडी वापराल तसा एकेक हिरवा विझत जायचा, मग पिवळा, मग लाल. त्याच दशकाच्या शेवटी जनरल मोटर्सने ऑइलचं उरलेलं आयुष्य मोजणारी पद्धत आणली. गंमत अशी की ती पद्धत ऑइलला हातही लावत नाही. इंजिन किती फेरे फिरलं, किती तापलं, किती वेळा थंड असतानाच बंद झालं, याचा हिशेब करून ती अंदाज काढते.

म्हणजे किलोमीटर हा पूर्ण हिशेब नाही. पुणे ते नागपूर एका दमात गेलेले ७०० किलोमीटर आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज सरपटत केलेले ७०० किलोमीटर, इंजिनासाठी सारखे नसतात. दुसऱ्या गाडीचं ऑइल आधी थकतं. म्हणून मॅन्युअलमध्ये नेहमी दोन आकडे असतात: इतके किलोमीटर *किंवा* इतके महिने, जे आधी होईल ते. गाडी वर्षभर पार्किंगमध्ये उभी असली तरी ऑइल, ब्रेक ऑइल आणि कूलंट म्हातारं होतच असतं. आणि लक्षात घ्या, साध्या गाड्यांत पान्याचा दिवा फक्त किलोमीटर आणि तारीख मोजतो. कुणी ऑइल न बदलता नुसता तो रिसेट केला, तरी तो विझतो.

दिवा वाचायचा हक्क कुणाला?

माझ्या मामाचं साताऱ्याजवळ गॅरेज आहे. तीस वर्षांहून जास्त झाली. मी लहानपणी बघितलंय, गिऱ्हाईक गाडी घेऊन यायचं आणि मामा हात पुसत नुसता कान द्यायचा. टॅपेटचा आवाज, बेअरिंगचा आवाज, त्याला वेगवेगळे कळायचे. मग गाड्यांत कॉम्प्युटर आले. गिऱ्हाईक यायचं, दिवा दाखवायचं, आणि मामाकडे तो दिवा वाचायचं यंत्रच नसायचं. कंपनीकडे चौकशी केली तर उत्तर मिळायचं, हे फक्त आमच्या अधिकृत वर्कशॉपसाठी. काही सुटे भागही तसेच. मामा तेव्हा म्हणायचा, 'पयलं गाडी बोलायची, आता नुस्ता दिवा बोलतोय, अन् त्यो बी दुसऱ्याशीच.'

हा एकट्या मामाचा अनुभव नव्हता. भारतीय स्पर्धा आयोगाकडे अशीच तक्रार गेली होती. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच: सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं खुल्या बाजारात मिळू न देणं, त्यामुळे स्वतंत्र गॅरेजवाल्यांचं आणि पर्यायाने ग्राहकांचं नुकसान. प्रकरण पुढे अपिलात गेलं, लांबलं. पण मुद्दा कागदावर आला: गाडी तुम्ही विकत घेतली असेल तर तिच्यातला दिवा काय म्हणतोय हे कळण्यावर विकणाऱ्याचा मक्ता नसावा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये याच प्रश्नावर लोकांनी थेट मतदान केलं आणि मोठ्या बहुमताने स्वतंत्र गॅरेजच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं.

ओबीडीचा प्लग सक्तीचा झाला तो धुरासाठी. पण त्याचा एक फायदा कुणी फारसा ठरवून केला नव्हता. एकसारखा प्लग म्हणजे एकच स्वस्त स्कॅनर बऱ्याच गाड्यांना चालतो. मामाने तसा एक घेतला. आता तो कान देतोच, आणि वर मोबाईलवर कोडही बघतो. पी०३०१ आला की पहिल्या सिलिंडरकडे वळतो. पण सगळं त्यात येत नाही. एअरबॅग, एबीएस, चावीचं कोडिंग यासाठी अजूनही बऱ्याच गाड्यांत कंपनीचंच यंत्र लागतं. ती लढाई संपलेली नाही. इलेक्ट्रिक गाड्यांत किटलीचं चित्र जाईल, धुराचा कायदाही त्यांना लागू नाही, आणि दुरुस्तीचं बरंच काम सॉफ्टवेअरमध्ये असेल. मग मामासारख्यांनी काय वाचायचं, हे अजून ठरायचं आहे.

उद्या सकाळी करायचं काम

जाता जाता एक छोटा प्रयोग. चावी फिरवा किंवा क्लच, ब्रेक न दाबता स्टार्ट बटण दोनदा दाबा, पण इंजिन सुरू करू नका. सगळे दिवे लागतील. हे मुद्दाम असतं. बल्बच गेला असेल तर तो धोका सांगणार कसा, म्हणून गाडी स्वतःचीच हजेरी घेते. मॅन्युअल उघडा आणि एकेक दिवा ओळखा. मग इंजिन सुरू करा आणि सगळे विझतात का बघा. बेल्ट आणि हँडब्रेकचे अर्थातच राहतील.

सेकंड हँड गाडी घ्यायला जाल तेव्हा तर हे नक्की करा. चावी फिरवल्यावर चेक इंजिन किंवा एअरबॅगचा दिवा *लागलाच नाही*, तर खूश होऊ नका. चांगल्या गाडीत तो आधी लागतो आणि मग विझतो. लागतच नसेल तर कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. आणि सौदा करायच्या आधी एखाद्या मिस्त्रीला स्कॅनर लावायला सांगा. कोड नुकतेच पुसले असतील तर तेही बऱ्याचदा त्यात कळतं.

आणि घरच्या ग्रुपवर पुढच्या वेळी दिव्याचा फोटो आला, तर इमोजीच्या आधी रंग बघा. लाल असेल तर लिहू नका, फोन करा. म्हणा, 'आत्ता थांबव गाडी.'

तुमच्या गाडीतला कुठला दिवा तुम्हाला आजवर कळला नव्हता, ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात बोलू या एसटीच्या लाल डब्याबद्दल. तोपर्यंत बेल्ट लावा, मागे बसलात तरी. भेटू!